आत्याचा फोटो, त्यांचे मार्क

दोस्तहो, आधी एक साधा सवाल. भागीदार कुणाला म्हणतात?

कॉमर्सला असाल तर पाठ असेल. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा. धंद्याचा नफा वाटून घ्यायचं ज्यांनी ठरवलं ते भागीदार. वेगळा करार नसेल तर नफा सारखा आणि तोटाही सारखा. धंद्यावर देणं झालं तर प्रत्येक भागीदार सगळ्यांबरोबर जबाबदार, आणि एकटा सापडला तर एकटाही जबाबदार. ज्याने कायद्याचं पुस्तक उघडलं नाही त्या भाजीवाल्यालाही हे कळतं. दोघांनी मिळून टेम्पो आणला आणि माल सडला, तर दोघांच्या घरची चूल थंड होते. एकाची थंड होते आणि दुसरा सर्टिफिकेट घेऊन जातो, त्याला भागीदारी म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. छापायला नको.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण गेल्या वर्षी जानेवारीत पेणला आमच्या वस्तीत तीसेक भागीदार आले होते. एसी बसमधून.

मुंबईतल्या एका मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजची पोरं-पोरी. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण एका कॉलेजचं हे पाप नाही. आता ही रीतच झालीय. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणापासून फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, कम्युनिटी एंगेजमेंट अशा नावांनी क्रेडिट मिळतात. क्रेडिट मिळवायचं तर गरीब पाहिजे. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर, संध्याकाळी परत जाता येईल असा गरीब पाहिजे. म्हणून पेण. म्हणून रोहा.

कार्यक्रम ठरलेला. सकाळी हमरापूर-जोह्याकडे गणपतीचे कारखाने. दुपारी पापडवाल्या बाया. दुसऱ्या दिवशी रोह्याला धाटावच्या एमआयडीसीच्या आसपासचे छोटे वर्कशॉपवाले. मग दोन आठवडे त्यातल्या पाच-सहा जणांची एकेक तुकडी एकेका 'उद्योजका'ला वाटून दिली.

आमच्या आत्याला त्या दिवशी कळलं की ती उद्योजक आहे.

आत्या पोह्याचे पापड लाटते. पेणचे पोहे, पेणचे पापड, हे सगळ्या मुंबईला ठाऊक. ते कोण लाटतं हे ठाऊक नाही. पहाटे उठून पीठ भिजवायचं, पापडखार-मीठ-तिखट-हिंगाचा अंदाज हाताने धरायचा, तेलाचा हात लावून गोळा कुटायचा, लाट्या पाडायच्या, लाटायचं, उन्हात घालायचं, आभाळ आलं की धावत उचलायचं. पोहे व्यापाऱ्याचे, मसाला व्यापाऱ्याचा, पिशवी व्यापाऱ्याची, पिशवीवरचं नाव व्यापाऱ्याचं. आत्याचं फक्त मनगट. आणि किलोवर मजुरी. ही उद्योजक!

पोरं वाईट नव्हती. हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. चहा प्याले, आमच्या घरातलं पाणी प्याले, पोरांशी क्रिकेट खेळले. आत्याला 'मावशी' म्हणाले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मुंबईत कुणाला मावशी म्हणतात? भांडी घासायला येते तिला. व्यापाऱ्याकडे गेले तेव्हा त्याला 'सर' म्हणाले. पण असो. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. ती त्यांना 'बाळा, खाल्लंस का?' असं विचारत होती.

त्यांनी मोठ्ठा कागद भिंतीला चिकटवला. त्यावर नऊ चौकोन. गिऱ्हाईक कोण, खर्च किती, मिळकत किती. रंगीबेरंगी चिठ्ठ्या लावल्या. आत्याने किलोला काय मिळतं ते सांगितलं. व्यापारी वजनात किती कापतो ते सांगितलं. तुटलेल्या पापडाचे पैसे कसे धरत नाही ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारत होतं, म्हणून ती बोलत गेली. पोरांनी भराभर लिहून घेतलं. फोटो काढले. लाटण्यासकट. हसऱ्या चेहऱ्याचा एक, सुरकुतलेल्या हातांचा एक.

आणि मग सल्ला दिला. मावशी, तुमचा स्वतःचा ब्रँड काढा. पिशवीवर तुमचं नाव टाका, तुमचा फोटो टाका, तुमची गोष्ट टाका. आजकाल गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, वस्तूमागचा माणूस घेतं.

आत्या गप्प बसली. मग म्हणाली, "नाव टाकू? आडनावासकट?"

पोरांना कळलं नाही. ती म्हणाली, "हो, पूर्ण नाव! ऑथेंटिक वाटतं."

दोस्तहो, त्या भिंतीवरच्या नऊ चौकोनांत दहावा चौकोन नव्हता. जातीचा. आत्याने पूर्वी एकदा स्वतःचे पापड केले होते. बचत गटाकडून कर्ज काढून, स्वतःचे पोहे आणून. बाजाराच्या वरच्या आळीत दारोदार फिरली. एका वाड्यात बाईंनी चव बघितली, वा म्हणाल्या, दोन किलो सांगितले. मग विचारलं, राहता कुठे? आत्याने वस्तीचं नाव सांगितलं. पुढच्या आठवड्यात माल घेऊन गेली तर म्हणे, आमच्याकडे यंदा कुणी खात नाही. तेच घर त्या व्यापाऱ्याच्या पिशवीतले पापड नेतं. ते पापड आत्यानेच लाटलेले! हात चालतात. हातावरचं नाव चालत नाही. व्यापारी कसला नफा खातो? पोह्यावर खात नाही, वाहतुकीवर खात नाही. तो आत्याचं नाव झाकण्याची फी खातो.

हे कुठल्या मार्केटिंगच्या पुस्तकात आहे? दाखवा.

पुस्तकात नाही, पण आपल्या इतिहासात आहे. कोलंबियात शिकून, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली परत आलेल्या एका तरुणाने मुंबईत धंदा काढला होता. शेअर आणि स्टॉकच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा. त्या काळात अर्थशास्त्रात त्याच्याएवढं शिकलेला माणूस मुंबईच्या बाजारात शोधून सापडला नसता. धंदा सुरू झाला, गिऱ्हाईकं येऊ लागली. मग बाजारात कळलं की सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाईकं बंद. धंदा बंद. त्या तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

याला कौशल्य कमी होतं? बिझनेस प्लॅन कच्चा होता? नेटवर्किंग जमलं नाही? पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. या देशातल्या कॉमर्स शिक्षणाचं ते मूळपीठ. तिथे काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली ती कशाला? स्टाफच्या घागरीतलं पाणी त्यांनी प्यायला. कॉमर्स शिकवा, पाणी पिऊ नका! आठेक वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, याच आमच्या जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं ते असंच आभाळातून पडलं नव्हतं. त्या ओंजळीत सिडनॅमची घागरही होती आणि बंद पडलेली ती सल्लागार कंपनीही होती, असं मी समजतो.

तेव्हा मॅनेजमेंटच्या पोरांनी आम्हाला 'तुम्हाला मार्केटचं ज्ञान नाही' असं सांगू नये. मार्केटचं ज्ञान आम्हाला आहे. मार्केटलाही आमचं ज्ञान आहे. भांडण तिथंच आहे.

आता पुढचं ऐका. इथून गोष्ट गंमतीची राहत नाही.

पोरांनी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत. त्यांच्या शास्त्रात 'स्टेकहोल्डर' नावाचा शब्द आहे. धंद्याशी संबंध असलेला प्रत्येक जण स्टेकहोल्डर. म्हणून व्यापाऱ्याचीही मुलाखत घेतली. सौजन्य म्हणून रिपोर्टची एक प्रत व्यापाऱ्यालाही पाठवली. त्यात आत्याच्या तोंडचं सगळं. किलोचा दर. वजनातली कापाकापी. तुटक्या पापडांचे पैसे. खाली आत्याचा फोटो, हसरा.

फेब्रुवारीच्या शेवटी व्यापाऱ्याने पीठ द्यायचं बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही. "या महिन्यात काम नाही." मार्चमध्ये काम नाही. एप्रिलमध्ये काम नाही. ऊन असतं ते हेच महिने, पापडाचं वर्षाचं पोट याच महिन्यांत भरतं. शेजारच्या बाईला काम होतं, पलीकडच्या बाईला काम होतं. आत्याला नाही. आणि बाकीच्या बाया काय शिकल्या? की शहरातलं कुणी विचारायला आलं तर तोंड शिवून बसायचं.

मी त्या तुकडीच्या लीडरला फोन केला. तो खरोखर हळहळला. म्हणाला, "सॉरी दादा, आमचं प्रेझेंटेशन झालंय. आता इंटर्नशिप सुरू आहे. पण मी फॅकल्टीला मेल टाकतो." टाकला असेल. पोरांना मार्क पडले. चांगले पडले, त्यानेच सांगितलं. आता १९३२ चा कायदा काढा आणि मला सांगा. नफा कुणाचा झाला? तोटा कुणाचा झाला? आणि भागीदार कोण होतं?

कुणी म्हणेल, एका बाईची गोष्ट घेऊन एवढं काय लिहिता. तर मोठ्या जगाकडे बघू. २००४ साली सी. के. प्रल्हाद यांचं पुस्तक आलं. पिरॅमिडच्या तळाशी दडलेल्या संपत्तीबद्दलचं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे ते प्राध्यापक. पुस्तकातल्या केस स्टडी जमवायला त्यांच्या एमबीएच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. सांगणं असं की गरीब हा मोठा बाजार आहे, कंपन्यांनी त्याच्यापर्यंत जावं, त्यातून कंपनीचंही भलं आणि गरिबाचंही. साऱ्या जगातली मॅनेजमेंट कॉलेजं या पुस्तकाने वेडी झाली. पण त्याच विद्यापीठातल्या अनिल कर्णानी नावाच्या प्राध्यापकाने २००७ साली उलट लिहिलं. गरिबाला माल विकून गरिबी हटत नाही, गरिबाकडे माल बनवणारा म्हणून बघा, त्याच्याकडून विकत घ्या, त्याची मिळकत वाढवा. आमच्या आत्याने दोघांचंही काही वाचलेलं नाही. पण तिला विचारलं असतं तर तिने कर्णानीच्या बाजूने मत दिलं असतं. 'बाळांनो, सल्ला राहू दे. वीस किलो घेता का?'

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली केस स्टडी काढली. आपल्याला केवढा अभिमान वाटला! अभिमान वाटू द्या. पण हेही लक्षात ठेवा की केस स्टडी हा विकायचा माल आहे. प्रतीमागे पैसे मोजून कॉलेजं ती घेतात. म्हणजे कष्टकऱ्याचं डोकंही आता कच्चा माल झालं. पूर्वी हात विकत घ्यायचे. आता अनुभवही नेतात. हाताला निदान मजुरी तरी होती.

आणि गणपतीच्या कारखान्यांत काय सांगितलं पोरांनी? शाडूची मूर्ती करा, पर्यावरणपूरक म्हणून जास्त भावाला विका. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा शिक्का मारा. बोलायला सोपं. पीओपीवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नियमावली काढली, तेव्हापासून मूर्तिकारांच्या डोक्यावर टांगती तलवार. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बंदी कडक राबवायला सांगितलं, जूनमध्ये मूर्ती बनवायला-विकायला मोकळीक दिली आणि बंधनं विसर्जनावर ठेवली. मालक या कोर्टबाजीत हैराण झाले, हे खरं. पण कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारा, घासणारा, रंगाचा पहिला हात मारणारा, ट्रकमध्ये भरणारा मजूर कुठल्या चौकोनात होता? भौगोलिक मानांकनाच्या कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद उत्पादकाची होते. हंगामापुरता रोजावर आलेला उत्पादक नसतो. बाजारात डोळ्यांची आखणी करणाऱ्याचं कौतुक, मालकाचं नाव, गावाचं नाव. प्लास्टर ज्याच्या छातीत गेलं त्याचं नाव कशावर? पोरांच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याला 'लेबर कॉस्ट' म्हटलं होतं.

आता रोहा. रोह्याला रेल्वेची एक हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. तसंच धाटावच्या एमआयडीसीच्या गेटवर एक जग संपतं आणि दुसरं सुरू होतं. आत केमिकलच्या कंपन्या, बाहेर कुंडलिका आणि तिच्या पाण्याचं जे झालं ते. आत इंजिनिअर, बाहेर ठेकेदार, ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली माझा आतेभाऊ. आत्याचा थोरला. वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोन पोरं हाताखाली. पाइपाचे सपोर्ट, रेलिंग, शिड्या करतो. काम चोख. पैसे? चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, तेही तुकड्या-तुकड्यांनी. तोवर पत्र्याच्या दुकानदाराचं व्याज चालू.

त्याच्याकडे आलेल्या तुकडीने त्याला काय सांगितलं? डिजिटल मार्केटिंग करा. च्यायला! त्याला गिऱ्हाईक नको होतं, गिऱ्हाईकाकडे अडकलेले पैसे हवे होते.

पण त्या तुकडीत एक मुलगी होती. कमी बोलणारी. तिने पहिल्या दिवशी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दादाला म्हणाली, "दादा, बिलांची फाईल दाखवाल?" फाईल कसली, बिस्किटाचा डबा. तिने डबा ओतला. दोन रात्री बसून तारखेप्रमाणे लावला. मग सांगितलं, २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. माल किंवा काम घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. २०२४ पासून आयकरातही असं कलम आलं की छोट्याचे पैसे वेळेत दिले नाहीत तर मोठ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. पण त्यासाठी 'उद्यम' नोंदणी पाहिजे, आणि ती आधी पाहिजे. दादाची नव्हती. नोंदणी फुकट आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एक एजंट मात्र त्यासाठी पैसे मागून गेला होता. तिने तिथंच बसून नोंदणी केली. जुन्या बिलांना हा कायदा लावून घेणं अवघड, हेही तिने लपवलं नाही. पुढची बिलं मात्र नंबर घालून, तारीख घालून, पोच घेऊन द्यायची.

दादा म्हणाला, "तक्रार केली तर पुढचं काम मिळेल का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाही मिळणार बहुतेक. म्हणून एकट्याने करू नका. असे अजून कोण आहेत?" दोस्तहो, हा खरा मॅनेजमेंटचा प्रश्न! असे अजून कोण आहेत? धाटावच्या बाहेरचे अकरा वर्कशॉपवाले त्यानंतर दोनदा एकत्र बसले. ठरलं एवढंच की बिलाचा नमुना सगळ्यांचा एक. पंचेचाळीस दिवसांची ओळ सगळ्यांच्या बिलावर छापायची. एकाला तोडता येतं, अकरांना एकदम तोडायचं तर ठेकेदारालाही दोनदा विचार करावा लागेल. अजून कुणाचे पैसे वेळेवर आलेत असं मी सांगणार नाही. खोटं लिहायला मी रिपोर्ट लिहीत नाही.

ती मुलगी जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "जय भीम, दादा." मी बघतच राहिलो. म्हणाली, कॉलेजात कुणाला ठाऊक नाही. हॉस्टेलवर आडनाव विचारलं की विषय बदलते. म्हणजे बघा! आत्याचं नाव पिशवीवर चालत नाही आणि हिचं नाव हॉस्टेलवर चालत नाही. एक पापड लाटते, एक एमबीए करते. व्यापारी एकच आहे.

तेव्हा या पोरांनी आमच्याकडे यायचंच नाही का? नाही, असं मी म्हणत नाही. दार बंद करणं आपल्याला परवडत नाही. पण आत यायच्या अटी आता आपण लिहायच्या. आमच्याच पेण तालुक्यात २००८ च्या सप्टेंबरात २२ गावांनी सेझवर मतदान केलं. जमीन घ्यायची तर आधी विचारा, हे सरकारला मतपेटी आणून मान्य करावं लागलं. जमिनीला जर विचारायचं, तर माणसाच्या तोंडून काढलेल्या माहितीला नको?

अटी साध्या आहेत. एक, जे लिहाल ते मराठीत लिहून आधी आमच्या अंगणात मोठ्याने वाचायचं. ती म्हणेल ते खोडायचं. दोन, तिच्या धंद्याची माहिती तिच्या व्यापाऱ्याला, ठेकेदाराला, सावकाराला द्यायची नाही. स्टेकहोल्डर गेला उडत. तीन, मार्क प्रेझेंटेशनच्या दिवशी पडणार नाहीत. एक हंगाम उलटल्यावर पडतील, आणि निम्मे आत्या देईल. चार, रिकाम्या हाताने यायचं नाही. तुमच्या कॉलेजची मेस आहे, कॅन्टीन आहे, दिवाळीची भेटपाकिटं आहेत. पहिली ऑर्डर तुमची. पाच, तुमच्यामुळे तिचं काम गेलं तर त्या हंगामाची मजुरी कॉलेजने भरायची. तोट्यात नाही तो भागीदार नाही. या अटी ज्यांना जड वाटतात त्यांनी खुशाल अलिबागला समुद्र बघावा.

आणि आता आपल्याकडे वळतो. कारण शिव्या देऊन मोकळं होणं आपल्यालाही चांगलं जमतं.

मी स्वतः बी.कॉम. आहे. दहा वर्षं तुर्भ्याच्या एका गोदामात शेठची वही लिहितो. एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. पण आत्याची वही मी एकदाही लिहिली नव्हती. तिला दिवसाला काय पडतं हे मला त्या परक्या पोरांच्या चौकोनातून कळलं. लाज वाटली. आपल्यातली किती पोरं-पोरी आज बीएमएस, बी.कॉम., एमबीए करतात! जयंतीला डीजेची वर्गणी आपण पै-पैने लिहितो. आईच्या मजुरीचा हिशोब लिहितो का? क्रांतीवर आपण पानंच्या पानं भरतो आणि वहीला बनियागिरी म्हणून नाक मुरडतो. पण बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे चलनावर साक्ष दिली. त्यांना हिशोबाची शिसारी नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, खोताची जमीन कसायची नाही म्हणून. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं बिल कायदेमंडळात आणलं. त्या खोताची ताकद लाठीत किती होती आणि वहीत किती होती, याचा विचार करा. वही ज्याच्या हातात, खळं त्याच्या दारात.

मला कुणी सांगू नये की धंदा केला की जात जाते. बाबासाहेबांचा धंदा जातीने बंद पाडला. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांचा चार टक्के वाटा २०१२ पासून कागदावर आहे, तो गाठायचं नाव कुणी घेत नाही. आणि मला कुणी असंही सांगू नये की धंदा म्हणजे भांडवलशाही, आपण त्यात पडू नये. आत्या त्यात पडलेलीच आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर. तिला तिथंच ठेवून हात स्वच्छ ठेवणं ही क्रांती नव्हे, हा आळस आहे.

यंदा २० मार्चला महाडला आम्ही गेलो. वस्तीतल्या चार बायांचे पापड, स्वतःचे पोहे, स्वतःचा मसाला. वही मी लिहिली. पिशवीवर आत्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. फोटो नाही. ती म्हणाली, "फोटो नको रे. मागच्या फोटोने पोट मारलं." दुपारपर्यंत माल संपला. आपल्याच माणसांनी घेतला. चवदार तळ्याच्या काठावर आडनावाची भीती कुणाला?

पण आपल्या माणसांनी आपल्या माणसांकडून घेणं ही सुरुवात आहे, शेवट नाही. शेवट तेव्हा होईल जेव्हा पेणच्या वरच्या आळीतल्या त्या वाड्यात तीच पिशवी त्याच नावाने जाईल आणि बाई वस्तीचं नाव विचारणार नाहीत. तो दिवस कुठल्या एमबीएच्या चौकोनात बसत नाही. तो लढूनच आणावा लागेल.

तोवर एक करा. येत्या रविवारी घरी जाल तेव्हा आईला, आत्याला, काकाला विचारा, दिवसाला काय पडतं? वहीत लिहा. मग शेजारी विचारा, असे अजून कोण आहेत?

जय भीम.